बोलायला गेलं की मरणारा सेट

ऐकत बसलं तर सेट झकास चालायचा. माइकचं बटण दाबून बोलायला गेलं की मरायचा. समोरच्या काचेतला आकडा विझायचा, आतून टक्क असा आवाज यायचा, आणि बटण सोडलं की काही घडलंच नाही अशा थाटात गडी पुन्हा हजर. मरायचं तर एकदाचं मर, जगायचं तर नीट जग. हा मधला प्रकार मला माणसांत सहन होत नाही, यंत्रात तर मुळीच नाही.

सेट कसला ते आधी सांगतो, कारण आमच्या भागात रेडिओ म्हटलं की लोकांना गाणी आठवतात. हा तसला नाही. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढला की ठरवून दिलेल्या लहरींवर आपलं स्वतःचं केंद्र लावता येतं आणि असल्याच हौशी माणसांशी लांबलांबपर्यंत बोलता येतं. त्यावर धंदा करायचा नाही, राजकारण काढायचं नाही, आणि शिवी तर अजिबात द्यायची नाही. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त होऊन मी पळसदेवजवळच्या आमच्या वस्तीवर राहायला आलो तेव्हा हे खूळ धरलं. तयार सेट घेणं मला कमीपणाचं वाटलं. टपालाने किट मागवलं. एक मोकळी सर्किटची पाटी आणि सुट्या भागांच्या पुड्या. पावसाळा लागल्यापासून भिंग लावून सोल्डर करत बसलो आणि श्रावणात सेट बोलायला लागला.

तेव्हापासून सकाळचा चहा झाला की मी त्या खोलीत. खोली म्हणजे पूर्वीचं खताचं कोठार. अजून भिंतींना युरियाचा वास येतो, उंदरांच्या लेंड्या रोज झाडाव्या लागतात आणि छताला पाली आहेत. तरी मला ती जागा घरातल्या सगळ्या जागांपेक्षा बरी वाटायची, कारण तिथं माणसं नव्हती, नुसते आवाज होते. सकाळी ठरल्या वेळी आमची पाचसहा जणांची बैठक भरायची. त्यात नांदेडकडचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी कधी लहानपणी पळसदेव पाहिलं होतं, तिथलं जुनं देऊळ धरणाच्या पाण्याखाली जायच्या आधी. ते रोज न चुकता विचारायचे, पाणी उतरलं का, देऊळ दिसायला लागलं का. धरण भरलेलं असताना देऊळ कुठून दिसणार? दुसऱ्या कुणी रोज हाच प्रश्न विचारला असता तर मी त्याचा पाणउतारा केला असता. मास्तरांना मात्र मी रोज नीट सांगायचो, नाही अजून, उन्हाळ्यात दिसेल, कळवीन.

मी तिरसट आहे हे मला कुणी सांगायला नको. मला शिसारी येते ती 'चालतंय की' या दोन शब्दांची. आमच्या वस्तीवरची प्रत्येक गोष्ट या दोन शब्दांवर उभी आहे. फाटकाची कडी तुटली, तारेने बांधली, चालतंय की. मोटरीच्या स्टार्टरचं झाकण हरवलं, खताची पिशवी अडकवली, चालतंय की. मग त्या पेटीत पाल शिरते, दोन टोकांवर पाय ठेवते आणि भाजून मरते. मोटर बंद पडल्यावर वास कुठून येतोय हे सगळे मिळून शोधतात. मी सुट्टीवर आलो की असल्या जळक्या पाली काढायचं काम माझं. नोकरीभर मी पॅनेल पुसून ठेवली, आणि घरी आलो की हे.

या 'चालतंय की'चा मालक म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. ऊस, गोठा, माणसं, सगळं तोच बघतो. सत्तरी उलटली तरी पहाटे उठून धारा काढतो. त्याची खोली आणि माझी ही सेटची खोली शेजारी शेजारी, मधे एक विटेची भिंत आणि भिंतीला वर झरोका. बोलणं मात्र कामापुरतंच. मी बोललो की भांडण होतं, म्हणून तो बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून मी जास्त चिडतो. माझ्या सेटला तो डबडं म्हणायचा.

सेट बिघडला तो दसऱ्यानंतर. दसऱ्याला मी घरी नसतो, बारामतीला मुलीकडे जातो. मला तो गलका नको असतो. खंडेनवमीला आमच्याकडे लोखंडाला अंघोळी घालतात. नांगर, कोयता, विळे, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, अगरबत्तीचा धूर. त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही. वर्षभर ज्या ट्रॅक्टरचं ऑइल कुणी बदलत नाही त्याला एक दिवस हार घालायचा, याची मला चीड येते. परत आलो तेव्हा झेंडू सुकून काळे पडले होते आणि सगळीकडे चिलटं झाली होती. सकाळी सेट लावला. मास्तरांचा आवाज स्वच्छ आला. उत्तर द्यायला बटण दाबलं, आणि सेट मेला.

पहिला संशय माझ्याच सोल्डरवर. एखादा डाग कच्चा राहिला की असलं होतं, थोड्या विजेला तो पुरतो आणि जास्त मागितली की हात वर करतो. सेट ऐकत असताना फार थोडा करंट घेतो, बोलताना कितीतरी पट. म्हणून पाटी बाहेर काढली आणि सगळे मोठे सांधे पुन्हा तापवले. त्या राळेच्या धुराने डोकं धरलं. सेट जोडला, बटण दाबलं, मेला.

मग बॅटरी पाहिली. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी मी टेबलाखाली खोक्यात ठेवली आहे. तिच्या टोकांवर मीटर लावून बटण दाबलं तर व्होल्टेज जागच्या जागी. बॅटरीपुढे फ्यूज. काचेचे नाजूक फ्यूज मला आवडत नाहीत, म्हणून मोटरीच्या पेटीत असतो तसला चिनीमातीचा पांढरा फ्यूज बसवला होता. वरची मूठ ओढली की दोन पितळी पाती बाहेर येतात आणि मधे तार, असा. सेट बंद करून मीटरची टोकं बाहेरूनच लावली. बीप वाजला, म्हणजे जोडणी शाबूत. खोक्यावर पुन्हा गोणपाट टाकलं.

उरला शेवटचा ट्रान्झिस्टर, आवाजाला ताकद देणारा. त्यासाठी बारामती गाठली. जिथं पूर्वी सुटे भाग मिळायचे तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. एका दुकानदाराने आतून डबा आणून एक नग काढून दिला. अंगठा घासला तर वरचं छापील नाव पुसलं गेलं आणि खालून दुसरंच नाव निघालं. मी तो त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, काका, आजकाल सगळं असंच येतं, लावून बघा, चालतंय की. बारामतीतही तेच दोन शब्द. नग त्याच्यापुढे ठेवून मी बाहेर पडलो. पुढच्या दुकानात बरा नग मिळाला. येताना भिगवणला गाडी थांबली, सगळे मासे खायला उतरले, आणि मी खिशातला ट्रान्झिस्टर धरून तसाच बसून राहिलो. घरी येऊन चांगला चालता ट्रान्झिस्टर उपसून नवा बसवला. बटण दाबलं, मेला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या संध्याकाळी मी दादावर घसरलो. त्याची मोटर सुरू होताना घरातले दिवे मिचकतात, पंखा आचके देतो. तसल्याच एखाद्या झटक्याने माझा सेट आतून गेला असणार, असं मी ठरवून टाकलं. दादा गोठ्यात वैरण टाकत होता. तुझ्या मोटरीनं माझा सेट मारला, स्टार्टर नीट करून घे म्हणून किती वेळा सांगितलं, असं बरंच काही मी बोललो. बरंचसं लिहिण्यासारखं नाही. तो वैरण टाकत राहिला. मग त्याने तारेचं काढलं.

तार म्हणजे माझी अँटेना. माझ्या खोलीच्या छपरापासून पाणंद ओलांडून पलीकडच्या निलगिरीच्या शेंड्यापर्यंत. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी येणार आणि उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या याच पाणंदीने जाणार. तार मधोमध येत होती.

"चालू असंल तर ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "ट्रॉल्यांचं मी बघतो. पर बंद पडल्याल्या तारंसाठी ट्रॉल्या आडवायच्या न्हाइत. टोळी यायच्या आत काय त्ये बघ, न्हायतर उतरवून घे."

यात त्याचं चुकलं असं मलाही म्हणता येईना, आणि त्याचाच जास्त राग आला. आमच्या घरात एकदा उतरवलेली गोष्ट पुन्हा चढत नाही. आजोबांचा झोपाळा रंग द्यायला म्हणून उतरवला, तो अजून माळ्यावर आहे. मी काही या वयात निलगिरीवर चढणार नव्हतो. तार गेली की बैठक गेली. मग सकाळी उठून मी कुणाशी बोलणार होतो? घरातल्या माणसांना मी नको होतो आणि मला ती. एवढी एक जागा होती जिथं लोक माझी वाट बघत होते, आणि त्यांना वाटत असणार की मी मेलो. मी त्यांना ऐकू शकत होतो. मास्तर रोज माझं नाव घेऊन हाक मारायचे, थोडं थांबायचे, आणि पुढच्याकडे वळायचे. पाणंदीच्या पलीकडे टोळीच्या खोपटांची जागा साफ करायला माणसं आली.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. राग आला की मी आधी पाना काढतो, नंतर मीटर, ही खोड नोकरीतही होती. बॅटरीपासून सेटपर्यंत एकेक टप्पा धरायचा आणि सेट बोलत असताना कुठल्या टप्प्यावर व्होल्टेज खाल्लं जातंय ते बघायचं, एवढं साधं काम. अँटेनाच्या जागी तेलात बुडवलेला रेझिस्टर जोडला, म्हणजे हवेत काही जाऊ नये. माइकच्या बटणाला रबरबँड गुंडाळला. सेट मरायचा, उठायचा, बटण दाबलेलंच, पुन्हा मरायचा. त्या टकटकीत मी काट्याचा जुना मीटर घेऊन टेबलाखाली शिरलो.

बॅटरीच्या टोकाला तार जिथं सुरू होते तिथं काटा हलला नाही. फ्यूजच्या दोन बाजूंना टोकं लावली, आणि सेट दर वेळी मरताना काटा टुणकन उडी मारू लागला. बारातले चार व्होल्ट तो एवढासा फ्यूज गिळत होता. मी गावभर, तालुकाभर फिरून आलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मूठ धरून फ्यूज ओढला आणि मी तो जवळजवळ फेकूनच दिला. पितळी पात्यांवर काळपट लाल चिखल वाळून बसला होता. त्यात मेलेल्या मुंग्या, कितीतरी, पाय वर केलेल्या. कडेला हिरवा गंज. एका पात्याला तांदळाचा दाणा चिकटला होता. नाकाशी नेला तर आंबलेल्या गुळाचा वास. टेबलाखाली, त्या युरियाच्या वासात, हातात ती घाण धरून मी ओकारी दाबत बसलो. मग तो दाणा नखाने काढला आणि लक्षात आलं की त्याला हळद लागलेली आहे. अक्षत होती ती. लाल होतं ते कुंकू.

फ्यूज तसाच घेऊन मी अंगणात गेलो. दादा विळ्याला धार लावत बसला होता. मी फ्यूज त्याच्या नाकासमोर धरला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, फ्यूज. मग पुढे, धार लावणं न थांबवता, म्हणाला, खंडेनवमीला पुजला होता.

आमच्या वडिलांची पद्धत तेव्हा मला आठवली. खंडेनवमीला यंत्राला विश्रांती, चुकूनही कुणी सुरू करू नये, म्हणून वडील सकाळीच सगळे फ्यूज ओढून आणायचे. नांगराच्या फाळाजवळ ताटात ते विळ्या-कोयत्यांच्या रांगेत मांडायचे. त्यांच्यावर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू, अक्षता, गुळाचा नैवेद्य. दसऱ्याला सोनं लुटून आलं की ज्याचा त्याला परत. वस्तीवर पहिली वीज आली तेव्हापासून हे चालू होतं आणि त्यापायी मोटर कधी बंद पडली नाही. पडणार कशी? मोटरीच्या विजेत जोर असतो, ती कुंकू जाळून वाट काढते. बॅटरीच्या बारा व्होल्टला तेवढा दम नाही. आणि माझ्या मीटरचं म्हणाल तर बीप वाजवायला त्याला एक धागाभर वाट पुरते, सेटला बोलायला रस्ता लागतो. हे सगळं मी दादाला उभ्या उभ्या सुनावलं, मधेमधे नेहमीचे शब्द घालून.

"मला काय ठावं," तो म्हणाला. "समद्यांचं काढलं, तुजा बी काढला."

"ज्याला डबडं म्हणतोस त्याचा कशाला काढायचा? ते काय पिकवून देतं तुला?"

दादाने विळा बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, फ्यूजकडे बघत बोलला.

"त्येच्यासंगं तू सरळ बोलतोस. सकाळच्याला मी भितीपल्याड बसून आयकतो. नमस्कार, कसं काय, तब्येत सांबाळा. त्यो कोन मास्तर रोज त्येच त्येच इचारतो, त्येला बी गोडीनं सांगतोस. आमाला ह्या घरात तुज्या तोंडनं तसलं कदी आयकाया मिळालं न्हाय. म्हनलं, ज्यानं येवढं केलं त्येला हळदकुंकू लावाया काय जातंय. चालू ऱ्हावं."

काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की मग गूळ तरी कशाला चोपडायचा.

"निवद नको व्हय?" दादा म्हणाला आणि परत विळा घेतला.

फ्यूज पेट्रोलमध्ये बुडवला, पॉलिश पेपरने पाती घासली, पितळ उघडं पडेपर्यंत. गुळाची चिकटी नखांत शिरली, ती दोन दिवस जाईना, आणि जेवताना वास यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. आकडा जागेवर राहिला. मास्तरांना माझा आवाज ऐकून एवढा आनंद झाला की आधी ते देवळाचं विचारायलाच विसरले. मी निघताना नेहमीसारखं तब्येत सांभाळा म्हणायला गेलो आणि माझी नजर झरोक्याकडे गेली. पलीकडून दादाच्या बिडीचा वास येत होता. वाक्य अर्ध्यात अडकलं. मास्तरांना वाटलं सेट पुन्हा मेला.

दिवाळीनंतर टोळी आली. तार उतरवायचं दादाने नाव काढलं नाही. त्याने एका लांब बांबूला टोकाशी बेचकं बांधलं, अर्थात सुतळीने, आणि ट्रॉली आली की स्वतः पाणंदीत उभा राहून तार वर उचलून धरायचा. ऊस खालून घासत जायचा, पाचट त्याच्या डोक्यावर पडायचं, वर धुरळा. एवढी तार नीट उंच बांधायचं सोडून हे. बघून मला किळस येत होती त्या सुतळीची, त्या बेचक्याची, आणि कशाची ते मला धड सांगता येत नाही. दुपारपर्यंत मी खोलीच्या दारातून बघत राहिलो. मग चहाचा पेला घेऊन गेलो.

"दादा, बस जरा," मी म्हणालो. "दमला असशील. तब्येत सांभाळ."

दादाने बांबू तसाच धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग एक हात मोकळा करून, उसाच्या चिकाने बरबटलेला, माझ्या कपाळाला लावला.

"ताप हाय का तुला?"

पलीकडून पुढच्या ट्रॉलीचा हॉर्न वाजला.

"न्हाय," मी म्हणालो. "बांबू हिकडं दे."